पुसलेला १९६७ आणि डेव्हिड फ्रॉस्ट यांचा खासगी संग्रह

१/
३१ ऑगस्ट २०१३ रोजी ब्रिटिश दूरचित्रवाणीचे ख्यातनाम मुलाखतकार व निर्माते सर डेव्हिड फ्रॉस्ट यांचे समुद्रप्रवासात, जहाजावरच निधन झाले. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने एक वार्ता जाहीर केली. फ्रॉस्ट यांच्या संग्रहात १९६७ च्या एका विनोदी मालिकेचे दोन भाग मिळाले होते. सुमारे पंचेचाळीस वर्षे हे भाग जगात कुठेच उरलेले नाहीत, अशीच अभ्यासकांची समजूत होती. हे भाग नष्ट कसे झाले, वाचले कसे आणि त्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय शिकावे, याची ही हकिकत.

२/
फ्रॉस्ट हे नाव जगाला मुख्यतः एका मुलाखतीमुळे ठाऊक आहे. वॉटरगेट प्रकरणानंतर पायउतार झालेल्या अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांची, रिचर्ड निक्सन यांची, १९७७ मधील प्रदीर्घ मुलाखत. परंतु त्याआधीच्या दशकात ते लंडनच्या विनोदी कार्यक्रमांच्या केंद्रस्थानी होते. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘फुटलाइट्स’ या नाट्यमंडळीतून ते पुढे आले. १९६६ मध्ये बीबीसीवर ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ सुरू झाला. जॉन क्लीझ, ग्रॅहम चॅपमन, मायकेल पेलिन, टेरी जोन्स, एरिक आयडल हे पुढे ‘माँटी पायथन’ म्हणून गाजलेले पाचही जण त्या कार्यक्रमाच्या लेखकवर्गात होते.

३/
१९६७ मध्ये फ्रॉस्ट यांनी कार्यकारी निर्माता म्हणून या तरुणांपैकी काहींना स्वतंत्र मालिका मिळवून दिली. तिचे नाव ‘ॲट लास्ट द १९४८ शो’. प्रक्षेपण लंडनच्या रेडिफ्यूजन या खासगी कंपनीचे. दोन पर्वे मिळून एकूण १३ भाग. लेखन व अभिनय जॉन क्लीझ, ग्रॅहम चॅपमन, टिम ब्रूक-टेलर आणि मार्टी फेल्डमन या चौघांचा. प्रहसनांना जोडणारी निवेदिका एमी मॅकडोनाल्ड. दूरचित्रवाणीचे अधिकारी निर्णय घ्यायला किती काळ लावतात, यावरचा टोमणा नावातच होता: १९४८ चा कार्यक्रम अखेर १९६७ मध्ये उगवला!

४/
दोनच वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९६९ रोजी, बीबीसीवर ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ अवतरला आणि विनोदाची रीतच पालटली. त्या क्रांतीची तालीम कुठे झाली, हे पाहायचे तर १९६७ चे हे १३ भाग पाहायला हवेत. मात्र १९७० च्या दशकात एखाद्या अभ्यासकाने ते मागितले असते, तर त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले असते. अगदी मोजके भाग सोडले, तर बाकीच्या मूळ फिती कंपनीने पुसून टाकल्या होत्या.

५/
पुसल्या का? उत्तर तंत्रज्ञानापासून सुरू होते. अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये पहिले व्यावहारिक व्हिडिओ ध्वनिचित्रमुद्रण यंत्र बाजारात आणले. यंत्राची किंमत सुमारे ४५,००० डॉलर. फीत दोन इंच रुंद. तासाभराच्या एका रिळाला सुमारे ३०० डॉलर. यंत्राचे आकर्षण मुख्यतः एकाच गुणात होते: चित्रपटाची फिल्म एकदा वापरली की संपली; ही चुंबकीय फीत मात्र पुसून पुन्हा वापरता येत असे. म्हणजे पुसणे हा अपघात नव्हता. पुसता येणे हाच त्या शोधाचा विक्रीमुद्दा होता.

६/
दुसरे कारण करारांचे. कलावंतांच्या आणि वादकांच्या संघटनांना पुनःप्रक्षेपणाचे भय वाटे. जुनेच कार्यक्रम पुन्हा पुन्हा दाखवले तर नव्यांना काम कोण देणार? म्हणून एखादा कार्यक्रम किती काळात किती वेळा दाखवायचा, यावर करारातच मर्यादा घातलेली असे. ती मुदत सरली की ती फीत म्हणजे कंपनीच्या दृष्टीने मांडणीवर जागा अडवून बसलेला, पुन्हा वापरता येण्याजोगा माल. तिजोरीत ठेवावा असा ठेवा तो नव्हेच.

७/
तिसरे कारण रंगाचे. १ जुलै १९६७ पासून बीबीसी-टूवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १५ नोव्हेंबर १९६९ पासून बीबीसी-वन आणि आयटीव्हीही रंगीत झाले. त्याचबरोबर चित्र ४०५ रेषांच्या जुन्या पद्धतीऐवजी ६२५ रेषांच्या नव्या पद्धतीने दाखवले जाऊ लागले. कालचे कृष्णधवल कार्यक्रम एका रात्रीत जुनाट ठरले. ते परदेशांत विकले जातील, ही आशाही मावळत गेली. घरोघरी पाहण्याच्या कॅसेटचा बाजार तर अजून जन्मालाच यायचा होता.

८/
आज ‘त्यांना कळले कसे नाही?’ असे विचारणे सोपे आहे. परंतु त्या पिढीच्या मनात दूरचित्रवाणीचे नाते नाटकाशी होते, ग्रंथाशी नव्हे. पडदा पडला, प्रयोग संपला. हीच वृत्ती बीबीसीतही होती. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग प्रक्षेपित झाले. २०१३ मधल्या मोठ्या शोधानंतरही त्यांतले ९७ गहाळच होते. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले त्या रात्रीचे बीबीसीच्या स्वतःच्या स्टुडिओतले प्रक्षेपणसुद्धा संस्थेने जपले नाही. जिथे चंद्रविजयाची ही गत, तिथे विनोदी प्रहसनांची काय कथा!

९/
‘१९४८ शो’च्या नशिबी आणखी एक संकट आले. १९६८ मध्ये खासगी वाहिन्यांच्या परवान्यांची फेरवाटणी झाली. लंडनमधील रेडिफ्यूजनची स्वतंत्र ओळख संपली आणि एबीसी या दुसऱ्या कंपनीशी सांधून ‘थेम्स टेलिव्हिजन’ ही नवी कंपनी उभी राहिली. संस्थान खालसा झाले की त्याच्या दफ्तराचे काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. नव्या धन्याला जुन्या कागदांविषयी ममत्व नसते. बंद पडलेल्या कंपनीच्या फिती तशाच पोरक्या झाल्या.

१०/
फिती गेल्याने नुसते मनोरंजन गेले नाही, श्रेयही गेले. ‘फोर यॉर्कशरमेन’ हे प्रहसन याचे उत्तम उदाहरण. चार सधन गृहस्थ मद्याचे घोट घेत आपापल्या बालपणीच्या दारिद्र्याच्या बढाया मारतात आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा अधिक हलाखी रंगवतो. पुढे माँटी पायथनने ते रंगमंचावर अनेकदा सादर केले, त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत आणि चित्रपटातही ते आले. त्यामुळे जगभरचे लाखो लोक आजही ते पायथनचेच मानतात. मुळात ते ‘१९४८ शो’साठी लिहिले गेले होते आणि त्याच्या चार लेखकांपैकी ब्रूक-टेलर आणि फेल्डमन हे दोघे पायथनचे सदस्य कधीच नव्हते.

११/
या प्रहसनाचे मूळ चित्रण सुदैवाने टिकले, म्हणून श्रेयाचा निवाडा तरी करता येतो. पण ज्या भागांचे चित्रणच उरले नाही, त्यांचे काय? सर्वांत मोठा प्रश्न मार्टी फेल्डमन यांचा. तोवर ते प्रामुख्याने लेखक म्हणून परिचित होते. नट म्हणून त्यांची खरी ओळख या मालिकेने करून दिली. त्यांचे बाहेर आलेले विशाल डोळे पुढे हॉलिवूडच्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये साऱ्या जगाने पाहिले. त्या प्रवासाचा आरंभच पुसला गेला होता. पुरावा नष्ट झाला की इतिहास नुसता अपुरा राहत नाही. जे टिकले त्याच्या बाजूने तो झुकतो.

१२/
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. बीबीसीने पुसण्याचा सपाटा थांबवला आणि कायमस्वरूपी चित्रसंग्रहाची घडी बसवायला घेतली. हळूहळू एक विलक्षण विद्याशाखाच उदयाला आली: जे नाही त्याची सूची करणे आणि मग ते शोधत हिंडणे. १९९३ पासून ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘मिसिंग बिलीव्ह्ड वाइप्ड’ हा उपक्रम चालवला. नवे सापडलेले जुने कार्यक्रम तिथे प्रेक्षकांना दाखवले जातात, आणि लोकांनी आपापले माळे, तळघरे, कपाटे धुंडाळावीत अशी हाक दिली जाते.

१३/
शोधाची पहिली वाट परदेशातून जाते. व्हिडिओ यंत्रे सर्वत्र नव्हती. म्हणून पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून कार्यक्रमाची फिल्म-प्रत काढत आणि ती देशोदेशी पाठवत. मूळ फीत लंडनमध्ये पुसली गेली तरी एखादी प्रत दूरदेशी पडून राहू शकत असे. २०१३ मध्ये ‘डॉक्टर हू’चे नऊ गहाळ भाग नायजेरियातील जोस शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात मिळाले, ते याच न्यायाने. ‘१९४८ शो’लाही परदेशानेच पहिला हात दिला. निवडक प्रहसने जोडून तयार केलेले पाच संकलित भाग स्वीडनमध्ये शाबूत होते. कित्येक वर्षे जग या मालिकेला त्या पाच संकलनांवरूनच ओळखत होते.

१४/
परंतु संकलन म्हणजे मूळ भाग नव्हे. कोणते प्रहसन कोणत्या क्रमाने आले, दोन प्रहसनांच्या मध्ये काय होते, सबंध अर्ध्या तासाची लय कशी होती, हे त्यातून कळत नाही. निवडक अभंगांच्या पुस्तकावरून मूळ गाथेची रचना उमगेल काय? शिवाय निवड करणाऱ्याने परदेशी प्रेक्षकाची आवड पाहिलेली. पुढच्या अभ्यासकाची गरज त्याच्या गावीही नव्हती.

१५/
दुसरी वाट कचऱ्यातून जाते. ‘डॅड्स आर्मी’ या लाडक्या मालिकेचे दुसऱ्या पर्वातले दोन गहाळ भाग २००१ मध्ये परत मिळाले. टाकून दिलेल्या सामानातून कोणीतरी ती रिळे उचलली होती आणि ती बागेतल्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून होती. त्याच पर्वाचे तीन भाग आजही गहाळ आहेत. एका माणसाने कचऱ्याच्या ढिगात डोकावले, एवढ्यावर त्या दोन भागांचे अस्तित्व अवलंबून होते.

१६/
तिसरी वाट आवाजाची. व्हिडिओ यंत्र घरी नसलेल्या काळातही काही चाहते पडद्याशेजारी टेपरेकॉर्डर लावून आवडते कार्यक्रम उतरवून ठेवत. ‘डॉक्टर हू’च्या गहाळ भागांचा ध्वनी असाच, चाहत्यांच्या घरगुती मुद्रणांमुळे वाचला. ‘१९४८ शो’चीही ध्वनिमुद्रणे मागे राहिली. चित्र हरपले, शब्द उरले. खरखर, मध्येच घरातली खोकल्याची उबळ, आणि तिच्या आडून ऐकू येणारा १९६७ चा हशा: एवढ्या सामग्रीवर अभ्यासक त्या भागांची रचना जुळवत राहिले.

१७/
चौथी वाट खासगी संग्राहकांची, आणि ती सर्वांत अवघड. कायद्याच्या दृष्टीने कार्यक्रमाचे हक्क कंपनीचे. मग कंपनीनेच टाकून दिलेली प्रत जपणारा माणूस रक्षणकर्ता की गुन्हेगार? विनोदवीर बॉब माँकहाउस यांच्यावर चित्रपटांच्या खासगी संग्रहावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस खटलाच भरला गेला. ते निर्दोष सुटले. तरी असा प्रसंग पाहून किती संग्राहकांनी आपली कपाटे कायमची बंद केली असतील, याची कल्पना करता येते. माँकहाउस २००३ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्यामागे हजारो फितींचा संग्रह होता. त्यात अन्यत्र कुठेही न उरलेले कार्यक्रम निघाले.

१८/
आता पुन्हा फ्रॉस्ट. त्यांची गोष्ट माँकहाउस यांच्याहून निराळी. ते स्वतः निर्माते होते आणि स्वतःच्या कामाची मालकी स्वतःकडे ठेवण्याचे मोल त्यांना लवकर उमगले होते. स्वतःच्या मधल्या नावावरून ‘पॅराडाइन’ ही निर्मितीसंस्था त्यांनी काढली. १९६८ मध्ये प्रक्षेपण सुरू करणाऱ्या ‘लंडन वीकेंड टेलिव्हिजन’च्या संस्थापकांत ते होते. निक्सन मुलाखतीसाठी मोठ्या वाहिन्या पैसे मोजेनात, तेव्हा ६ लाख डॉलर आणि नफ्यातला वाटा देण्याचे मान्य करून त्यांनी ती स्वतःच्या जोखमीवर घडवली. मुद्रित झालेला शब्द ही मिळकत आहे, हे कळलेला हा माणूस.

१९/
म्हणून त्यांच्या संग्रहात १९६७ च्या प्रती सापडाव्यात, यात एक संगती आहे. कंपनीने ज्याला माल म्हटले, त्याला निर्मात्याने स्वतःचे काम मानले असावे. की कोणा सहायकाने ठेवल्या आणि मग त्या हलवायच्या राहूनच गेल्या? दोन्ही शक्य आहे. इतिहासात पुष्कळदा जाणीवपूर्वक जतन आणि निव्वळ दिरंगाई यांचे फळ एकच असते. वस्तू टिकते. फेकून देण्याचा कंटाळा हाही एक मोठा अभिलेखपाल आहे.

२०/
२०१४ मध्ये हे दोन भाग पुन्हा प्रकाशात आले, तेव्हा ते पाहायला सगळे जण हयात नव्हते. मार्टी फेल्डमन १९८२ मध्ये, ग्रॅहम चॅपमन १९८९ मध्ये गेले होते. क्लीझ आणि ब्रूक-टेलर यांना मात्र आपले तारुण्य पुन्हा पाहता आले. पुढे इतर ठिकाणांहून मिळालेल्या सामग्रीची भर पडत गेली. २०१९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने मालिकेचे उपलब्ध सारे चित्रण डीव्हीडीवर प्रसिद्ध केले, तोवर १३ पैकी बहुतेक भाग पूर्ण वा जवळजवळ पूर्ण जुळले होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२० मध्ये, ब्रूक-टेलर कोविडने गेले. शोध आणखी सहा-सात वर्षे लांबला असता, तर चौघांतले एकटे क्लीझच साक्षीला उरले असते.

२१/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट परकी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांची दफ्तरे धुंडाळत होते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो त्याच ध्यासातून. सरकारी दफ्तराबाहेरही इतिहास असतो आणि तो वाळवी, पाऊस व वारसांची उदासीनता यांच्याशी शर्यत लावून शोधावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. कागदाच्या जागी चुंबकीय फीत आली. शर्यत तीच राहिली.

२२/
मात्र एक सावधगिरी. खासगी संग्रह म्हणजे निर्मळ सत्य नव्हे. नामवंत निर्मात्याच्या घरी त्याचे स्वतःचे काम टिकते. ज्यांचे मोठे घर नव्हते, त्यांचे टिकत नाही. कार्यकारी निर्मात्याचा संग्रह उघडला गेला कारण त्याचे नाव मोठे होते, वारस होते, दार ठोठावणारी संस्था होती. त्याच काळातल्या अनामिक लेखकांची, नटांची, दुपारच्या वेळी लागणाऱ्या साध्या कार्यक्रमांची बाजू घेऊन कोण दार ठोठावणार? म्हणून प्रत्येक सापडलेल्या भागाबरोबर दोन प्रश्न विचारावेत: हा कोणामुळे वाचला? आणि याच्या शेजारचा का नाही वाचला?

२३/
डेव्हिड फ्रॉस्ट यांची ओळख प्रश्न विचारणारा माणूस म्हणून राहील. पण त्यांच्यामागे राहिलेल्या त्या दोन भागांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवलेला प्रश्नही लहान नाही. पुसणाऱ्यांना आपण काही नष्ट करीत आहोत असे वाटतच नव्हते. ते काटकसर करीत होते. आजही जुन्या कॅसेट, बंद पडलेल्या हार्ड डिस्क, मुदत संपलेली खाती त्याच काटकसरीच्या नावाखाली निकालात निघतात. १९६७ च्या त्या हशाला पुन्हा ऐकू यायला सत्तेचाळीस वर्षे लागली. घरातले एखादे जुने खोके टाकण्याआधी त्यावरची चिठ्ठी एकदा वाचून पाहावी, एवढे तरी या कथेने शिकवावे.